रेडिएटरच्या पोटातलं पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांमध्ये, खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हे त्यातले तालुके. वर काळीभोर, कापूस-हरभऱ्याची जमीन आणि खाली खारट पाणी. ते पिववत नाही, त्यात डाळ शिजत नाही, पिकाला सतत दिलं तर रान चोपण होतं. म्हणून गावोगावी प्यायचं पाणी बाहेरून आणावं लागतं. ट्रॅक्टर तापला की मात्र रेडिएटरमध्ये हाताशी असेल ते पाणी जातं, आणि शेतावर हाताशी असतं ते बोअरचं. ज्या पाण्याची चूळ भरली तर माणूस थुंकून टाकतो, ते पाणी मग नव्वद अंश तापमानाला, दाबाखाली, चार-पाच धातूंना स्पर्श करत महिनोन्‌महिने फिरत राहतं.

खारपाणपट्टा हे टोकाचं उदाहरण झालं. तिथल्या शेतकऱ्याला निदान पाणी खारं आहे हे ठाऊक असतं. फसवतं ते चवीला चांगलं, दिसायला नितळ, घरातले सगळे पितात ते पाणी. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे आयएस 10500 हे मानक आहे. त्यानुसार एका लिटरमध्ये 250 मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतं, आणि गावाला दुसरा स्रोतच नसेल तर 1000 मिलिग्रॅमपर्यंत. एकूण कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, 200 पर्यंत चालतो आणि नाइलाज असेल तर 600 पर्यंत. आता कॅटरपिलरसारख्या अवजड इंजिनं बनवणाऱ्या कंपनीची पुस्तिका उघडून पाहा. कूलंटमध्ये मिसळायच्या पाण्यात लिटरमागे क्लोराइड 40 मिलिग्रॅमच्या आत हवं, सल्फेट 100 च्या आत, कठीणपणा 170 च्या आत आणि विरघळलेले एकूण क्षार 340 च्या आत. म्हणजे पिण्याच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झालेल्या पाण्यात रेडिएटरला सोसेल त्याच्या सहापट क्लोराइड असू शकतं. आपलं शरीर जादा मीठ लघवीवाटे बाहेर टाकतं. इंजिनाच्या बंद फेऱ्यातून मीठ बाहेर पडायला वाट नसते, ते साचतच जातं. ‘आम्ही पितो तेच पाणी घालतो’ हे गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारं वाक्य म्हणूनच पुरेसं नाही.

हे पाणी तिथे नेमकं काय करतं ते आधी पाहू. इंधन जाळून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा सायलेन्सरवाटे निघून जातो, आणि उरलेल्यातला बहुतेक भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप, ज्याला मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात, पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो. सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतून ते हेडमध्ये चढतं, थर्मोस्टॅट उघडला की वरच्या होज पाइपमधून रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याला उष्णता देतं आणि पुन्हा पंपाकडे जातं. रेडिएटरचं झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आत नुसतं पाणी असलं तरी ते 120 अंशांपर्यंत उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये ते याचसाठी. दाब सुटला की तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

मोटारगाडीच्या जन्माच्या वेळी ही व्यवस्था नव्हती. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा त्या गाडीचं पाणी उकळून हवेत जात असे आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागे. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी 1901 च्या मर्सिडिजला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटर रुंदीच्या 8070 चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहायचा आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी. एवढ्या मोठ्या गाडीला नऊ लिटर पाणी पुरू लागलं. आजच्या रेडिएटरमध्ये उलट पाणी नळ्यांतून जातं आणि वारा बाहेरून, पण फटी अरुंदच आहेत. चपट्या नळीची आतली जागा दीड-दोन मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमच्या नळीच्या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. थोडक्या पाण्यात जास्त उष्णता वाहायची तर नळ्या बारीक आणि पातळच हव्यात. अशा नळीला थोडा थर बुजवतो आणि थोडा गंज भोक पाडतो.

थराचा उगम खडकात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. या पाषाणातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. पावसाचं पाणी मातीतून मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतं, थोडं आम्ल होतं आणि खडकाच्या भेगांतून झिरपताना ही खनिजं विरघळवतं. म्हणून देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेट असतं. उन्हाळ्यात पातळी खोल गेली की पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असतं आणि जडपणा आणखी वाढतो. नेमक्या त्याच दिवसांत गाड्या जास्त तापतात.

कॅल्शियम बायकार्बोनेट थंड पाण्यात निवांत विरघळलेलं राहतं. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं, जे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलट. पाणी जितकं तापेल तितकं हे बाहेर पडतं, आणि ते पहिल्यांदा बसतं सगळ्यात तापलेल्या पृष्ठभागावर. घरच्या गीझरच्या कॉइलवर किंवा जुन्या तांब्याच्या बंबात जमतो तोच हा पांढरा खापा. इंजिनात सर्वांत तापलेली जागा म्हणजे हेडमधला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचा भाग आणि सिलिंडरचा वरचा काठ. जिथून उष्णता सर्वांत वेगाने काढायला हवी, नेमका तिथेच थर धरतो.

हा थर किती अडवतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. बिडातून उष्णता जितक्या सहज जाते, तिच्या मानाने क्षाराच्या थरातून पंचवीस ते पन्नास पट अवघड जाते. एक मिलिमीटर थर चढला म्हणजे त्या जागी बिडाची भिंत अडीच ते पाच सेंटिमीटरनी जाड झाली असं समजावं. गेजचा काटा मात्र शांत असतो, कारण गेज पाण्याचं तापमान मोजतं, थराआडच्या धातूचं नाही. पाणी नव्वदला, धातू त्याहून कितीतरी वर. हेड वाकतं, गॅस्केट उडतं, आणि मालक म्हणतो, काटा तर कधी वर गेलाच नाही. तो खरंच बोलत असतो.

एकदा भरलेल्या पाण्याने एवढं होत नाही, हेही सांगायला हवं. लिटरला 300 मिलिग्रॅम कठीणपणा असलेलं दहा लिटर पाणी भरलं, तर त्यातून फार तर तीन ग्रॅम क्षार बसेल. खरं नुकसान रोजच्या भर घालण्यात आहे. झाकणाचं रबर गेलंय, थोडी वाफ निघते, रोज सकाळी लिटरभर पाणी घालावं लागतं. गाडी चालतेय, म्हणून कोणी लक्ष देत नाही. वाफेबरोबर फक्त पाणी जातं, क्षार आतच राहतात. रोजचे 300 मिलिग्रॅम म्हणजे वर्षाला शंभर ग्रॅमच्या वर चुनखडी. आणि जे क्षार बसत नाहीत, ते पाण्यात दाट होत जातात. दहा लिटरच्या रेडिएटरमध्ये दहा दिवसांच्या भरीने क्लोराइड दुप्पट होतं. गळती ही पाण्याची तक्रार म्हणून पाहिली जाते. माझ्या मते ती क्षारांची तक्रार आहे, आणि वीसएक लिटरचा कॅन गाडीत ठेवून ती सुटत नाही.

सल्फेट असलेल्या जड पाण्याचा थर आणखी चिवट. कार्बोनेटचा थर सौम्य आम्लाने सुटतो, कॅल्शियम सल्फेटचा, म्हणजे जिप्समचा, त्याला दाद देत नाही.

आता गंजाकडे वळू. इंजिनाच्या पाण्याच्या फेऱ्यात बिडाचा ब्लॉक असतो, ॲल्युमिनियमचं हेड असतं, पोलादाची बुचं असतात, जुन्या गाड्यांमध्ये तांब्या-पितळेचा रेडिएटर आणि त्याला शिसं-कथलाचे डाग. वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले आणि मध्ये क्षाराचं पाणी, ही विजेच्या घटाची रचना आहे. अशा घटात कमी प्रतिकार करणारा धातू विरघळतो आणि दुसरा वाचतो. तांब्याच्या सोबतीत ॲल्युमिनियम खर्ची पडतं. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज सहज वाहते आणि झीज वेगाने होते. तांब्याचा सूक्ष्म अंश पाण्यात विरघळून ॲल्युमिनियमवर जाऊन बसला, तर तिथे प्रत्येक कणाभोवती एक छोटा घट तयार होतो, मग दोन धातू प्रत्यक्ष जोडलेले असायचीही गरज उरत नाही.

ॲल्युमिनियमला वाचवतो तो त्याचाच ऑक्साइड. हवा लागताच त्याच्यावर एक पारदर्शक पापुद्रा येतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या चार-पाच भागांइतका पातळ, पण घट्ट. तो शाबूत आहे तोवर आतला धातू सुरक्षित. पाणी फार आम्ल झालं तरी तो विरघळतो आणि फार अल्कधर्मी झालं तरीही. सोडियम बायकार्बोनेट असलेलं पाणी तापत राहिलं की अल्कधर्मी होत जातं, म्हणून काही खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला मिठाबरोबर हाही मार बसतो.

क्लोराइड या पापुद्र्याला सगळीकडून खात नाही. ते एखादी दुबळी जागा शोधतं, कुठे धातूत दुसऱ्या मिश्रधातूचा कण आहे, कुठे ओरखडा आहे, कुठे गाळ साचून त्याखाली प्राणवायू पोचत नाही. तिथे पापुद्रा फाटला की उघड्या पडलेल्या धातूचे आयन पाण्यात उतरतात आणि पाण्याशी संयोग पावून आम्ल तयार करतात. हे आम्ल त्या खळगीतच अडकून राहतं. खळगीतल्या धन आयनांकडे बाहेरचं क्लोराइड आणखी ओढलं जातं. म्हणजे खळगी जितकी खोल, तितकं आतलं पाणी आम्ल आणि खारट, आणि तितकी ती आणखी खोल जाणार. वरच्या तोंडावर पांढऱ्या हायड्रॉक्साइडची टोपी बसते आणि आतला मामला बाहेरच्या पाण्यात मिसळतच नाही. एकदा सुरू झालेली खळगी स्वतःच्या जोरावर वाढते. पाव मिलिमीटरची भिंत तिच्यापुढे किती टिकणार? म्हणून बाकी रेडिएटर नव्यासारखा चकचकीत आणि एका ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढं भोक, भोवती पांढरी पूड, असं दृश्य दिसतं. दुकानदार म्हणतो पत्रा हलका होता. कधी कधी असतोही. पण पांढऱ्या पुडीचं वलय असेल तर आधी पाण्याची चौकशी करावी.

कोकण आणि गोव्यात जांभ्यातून येणारं विहिरीचं पाणी हलकं, कॅल्शियम फारसं नसलेलं, थोडं आम्ल. तिथे खापा जमत नाही. पण त्याच हलकेपणामुळे बिडाच्या ब्लॉकला गंज लवकर लागतो आणि पाणी तांबूस होतं. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं गणित निराळं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असतं. विहिरीत शंभर भागांमागे एकच भाग समुद्र शिरला, तरी क्लोराइड 190 मिलिग्रॅमने वाढतं. चवीला ते पाणी फार तर किंचित मचूळ लागेल, पण रेडिएटरच्या मर्यादेच्या जवळजवळ पाचपट झालं. मे महिन्यात, विहिरींचा उपसा वाढल्यावर, हे बऱ्याच ठिकाणी घडतं. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं. ते साठवलेलं पावसाचं पाणी आहे, खडकात मुरून आलेलं नाही, म्हणून त्यात क्षार कमी. पण त्याच पुण्याच्या उपनगरात सोसायटीच्या टाकीत टँकरचं बोअरचं पाणी पडत असेल, तर नळ तोच आणि पाणी वेगळं. शहराच्या नावावरून अंदाज बांधू नये.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचीच बऱ्याच जणांना भीती वाटते. जंतू मारायला टाकलेलं क्लोरीन लिटरमागे मिलिग्रॅमचा अंश असतं आणि तापल्यावर बरंचसं उडून जातं. धोका क्लोराइडचा, म्हणजे मिठाच्या रूपातल्या क्लोरीनचा आहे. ते उकळून जात नाही, उलट दाट होतं.

मग घरगुती उपायांचं काय? पाणी उकळून, थंड करून, गाळून घेतलं तर बायकार्बोनेटचा जडपणा खाली बसतो, क्लोराइड आणि सल्फेट तसेच राहतात. तुरटी फिरवली की गढूळपणा जातो, पण तुरटी स्वतः सल्फेटचा क्षार आहे, म्हणून रेडिएटरच्या दृष्टीने पाणी आधीपेक्षा वाईट होतं. सोसायट्यांमध्ये बसवलेला सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, नळांवर डाग पडत नाहीत, आणि लोकांची समजूत होते की पाणी शुद्ध झालं. क्लोराइड एका मिलिग्रॅमनेही कमी झालेलं नसतं. सॉफ्टनर मिठाच्या पाण्याने धुतला जातो, ती धुलाई नीट झाली नाही तर क्लोराइड वाढतंच. आरओचं पाणी या सगळ्यांत बरं, कारण ते खरोखर क्षार काढतं. पण चवीसाठी त्यात थोडं मूळ पाणी परत मिसळणारी यंत्रं असतात, आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी तर मूळ पाण्यापेक्षाही खारं असतं. ते गाडी धुवायलाही मी वापरणार नाही, रेडिएटरचं तर नावच नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं, म्हणून क्षार जवळजवळ नसतात, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश येतात. अडचणीत चालेल, सवय करू नये.

सर्वांत सोपा मार्ग पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिमिनरलाइज्ड पाणी. पैसे फार पडत नाहीत. शेजारच्याच फळीवर तसल्याच डब्यात बॅटरीचं ॲसिड असू शकतं, तेवढं लेबल वाचून घ्यावं.

इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. नुसतं शुद्ध पाणी भरलं की गंज लागणार नाही, असं अनेक जाणते लोकही मानतात. शुद्ध पाण्यात क्षार नाहीत, म्हणून थर बसणार नाही आणि वीजही कमी वाहील, इथपर्यंत ठीक. पण हवेशी संबंध आला की ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्याचा सामू 5.6 च्या आसपास, म्हणजे आम्लाकडे उतरतो. त्यात प्राणवायूही विरघळतो. बिडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू एवढं पुरतं. नळाच्या पाण्यात निदान सामू सावरून धरणारं थोडं बायकार्बोनेट असतं, शुद्ध पाण्याजवळ तेही नाही. शुद्ध पाणी हा चांगला पाया आहे, त्यावर गंजरोधक रसायनं हवीतच. कूलंटचं अर्धं मोल त्या रसायनांत आहे.

कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल पाण्याला गोठण्यापासून वाचवतं आणि त्याचा उत्कलनबिंदू वाढवतं. लडाखला जाणाऱ्याला पहिला गुण मोलाचा, सोलापूरला दुसरा. गंज थांबवण्याचं काम मात्र ग्लायकॉल करत नाही. उलट वर्षानुवर्षं तापून ते हळूहळू सडतं आणि आम्लं तयार होतात. गंज थांबवतात ती त्यात मिसळलेली इतर द्रव्यं. ॲल्युमिनियमवर पापुद्रा धरणारे सिलिकेट, तांब्या-पितळेला जपणारे ॲझोल, सामू सावरणारे बोरेट किंवा फॉस्फेट, बिडासाठी नायट्राइट. मोठ्या डिझेल इंजिनांत नायट्राइटचं आणखी एक काम असतं. तिथे सिलिंडरचा लायनर थेट पाण्यात असतो आणि पिस्टनच्या धक्क्यांनी थरथरतो. थरथरण्याने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा लायनरवर घाव घालतो. नायट्राइटचा पापुद्रा नसेल तर लायनरला आरपार छिद्रं पडतात. पाणी कितीही शुद्ध असो, हे थांबत नाही.

आणि इथे पाणी पुन्हा मध्ये येतं, एका वेगळ्याच तऱ्हेने. युरोपातल्या अनेक भागांत पाणी जड. तिथे फॉस्फेटवाला कूलंट नळाच्या पाण्यात मिसळला की कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ बसे. म्हणून युरोपातल्या वाहन कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेटवर भर दिला. जपानचं पाणी हलकं, तिथे फॉस्फेटची अडचण नव्हती. पंपाच्या सीलला घासेल म्हणून त्यांनी सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट ठेवलं. एकाच कामासाठी दोन खंडांनी दोन पाककृती घडवल्या, त्यामागे त्या त्या भूमीच्या पाण्याचा मोठा वाटा होता. आपल्या रस्त्यांवर जपानी, कोरियन, युरोपीय आणि देशी अशा सगळ्या वंशांच्या गाड्या धावतात आणि पाणी मात्र प्रत्येक तालुक्याला वेगळं. जपानी घडणीचा फॉस्फेटवाला कूलंट बीडच्या बोअरच्या पाण्यात मिसळला, तर कॅल्शियम त्या फॉस्फेटला गाळ करून खाली बसवणार. म्हणजे गाळही झाला आणि रक्षणाचं द्रव्यही गेलं. जड पाणी कूलंटची ताकद अशी गुपचूप काढून घेतं. हा धोका टाळायचा तर कंपनीनेच पाणी मिसळून विकलेला, थेट ओतायचा कूलंट घ्यावा. 1990 नंतर आलेल्या सेंद्रिय आम्लांच्या कूलंटमध्ये ही अडचण कमी आहे आणि ते टिकतातही जास्त. रंगावरून जात ओळखता येत नाही. हिरवा, लाल, गुलाबी हा प्रत्येक कंपनीचा आपला रंग आहे. डब्यावरचं मानक आणि गाडीची पुस्तिका एवढंच खरं.

कूलंट पारखण्याच्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीतही पाण्याला मान आहे. एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेच्या काचपात्रातल्या चाचणीत मुद्दाम वाईट पाणी बनवतात. लिटरमागे क्लोराइड, सल्फेट आणि बायकार्बोनेट प्रत्येकी 100 मिलिग्रॅम. त्यात कूलंट मिसळून तांबं, पितळ, डागाचा धातू, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम यांचे तुकडे एकत्र बुडवतात, हवेचे बुडबुडे सोडत 88 अंशांवर 336 तास, म्हणजे दोन आठवडे ठेवतात, आणि मग प्रत्येक तुकडा किती झिजला ते तोलून पाहतात. या चाचणीतलं ‘वाईट’ पाणी आपल्याकडच्या कित्येक बोअरच्या पाण्यापेक्षा सौम्य आहे.

आपलं पाणी कसं आहे हे कळायला काही शे रुपयांत मिळणारं पेनासारखं टीडीएस मीटर बरी सुरुवात करून देतं. ते पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून क्षारांचा अंदाज देतं. क्षार कोणता, हे मात्र सांगत नाही. 300 हा आकडा कॅल्शियमचा असेल तर थराची काळजी, मिठाचा असेल तर भोकांची. ते कळायला पाणी प्रयोगशाळेत द्यावं लागतं. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांत आहेत. विहिरीचं पाणी पिकासाठी तपासून घेणारा शेतकरी त्याच अहवालातला क्लोराइडचा आकडा ट्रॅक्टरसाठीही वाचू शकतो.

बिघाड झालाच, तर साफसफाईत दुसरा घात होऊ नये. तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे कारागीर टाक्या डाग सोडवून वेगळ्या करतात, नळ्यांतून पातळ सळ्या घालून खापा काढतात आणि पुन्हा डाग देतात. याला रॉडिंग म्हणतात, आणि ते हातातलं मोठं कसब आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या रेडिएटरला ते चालत नाही. त्याला चोक काढायला मिठाचं आम्ल, म्हणजे फरशी धुवायचं ॲसिड, ओतलं जातं तेव्हा पाहवत नाही. ते आम्ल खापा विरघळवतं, ॲल्युमिनियमही विरघळवतं आणि नळ्यांच्या फटींत क्लोराइड सोडून जातं. आज मोकळा झालेला रेडिएटर पुढच्या काही महिन्यांत गळू लागतो. सौम्य सायट्रिक आम्लाचं द्रावण, मग अनेकदा साध्या पाण्याने आणि शेवटी डिमिनरलाइज्ड पाण्याने धुणं, हा हळू पण सुरक्षित मार्ग. काढलेला कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तोच धोका.

राहिला प्रश्न घाटातल्या रात्रीचा. होज पाइप फुटला, कूलंट रस्त्यावर गेला, हाताशी आहे ते टपरीवरचं पाणी. अशा वेळी शुद्धतेचा विचार करत इंजिन जाळू नये. गाडी बंद करून पुरेशी थंड होऊ द्यावी, पाइप बांधून किंवा बदलून घ्यावा, मग मिळेल ते पाणी हळूहळू भरून घर गाठावं. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी ओतलं तर ते तडकतं. टपरीच्या पाण्याने एका रात्रीत रेडिएटर सडत नाही, ते आत राहून गेलं तर सडतं. म्हणून पोचल्यावर त्याच आठवड्यात सगळं पाणी काढून टाकावं, ब्लॉकचा निचरा बोल्ट असेल तर तोही उघडावा, कारण रेडिएटरचा नळ उघडल्यावर ब्लॉकमधलं बरंचसं पाणी तसंच उरतं. डिमिनरलाइज्ड पाण्याने एकदा धुऊन, इंजिन चालवून तेही काढावं आणि मग कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला कूलंट पूर्ण मापाने भरावा.